नकुशीबाईची साक्ष

नकुशीबाईला एकटं राहायची सवयच होती, असं पुढं वरवंडात पुष्कळजण म्हणायचे. ते खरं नव्हतं. नवरा मेंढरं घेऊन कोकणात उतरला तो तिकडंच दुसरा संसार मांडून बसला, हे खरं. पोटी मूल नाही, हेही खरं. पण एकटी ती कधीच नव्हती. सोलापूर रस्त्याला, पुण्याकडं जाणाऱ्या बाजूला तिचं पत्र्याचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे दोन बाकडी, एक चूल, एक स्टोव्ह आणि पाण्याचा पिंप. पण सकाळी चूल पेटली की दिवस मावळेपर्यंत तिथं माणसांचा राबता असायचा. ट्रकवाले तिला मौसी म्हणायचे. एसटी चुकलेली माणसं बाकड्यावर टेकायची. कुणाच्या घरी काय शिजतंय, कुणाची सोयरीक मोडली, सगळं तिला रस्त्यावर बसल्या बसल्या कळायचं.

आणि अनसाबाई होती. दोघी एकाच साली लग्न होऊन धनगरवस्तीवर आलेल्या, घराला घर लागून. अनसाबाईचा नवरा लवकर गेला. मग दिवसभर ती हॉटेलात भाकरी थापायला बसायची आणि नकुशीबाई गिऱ्हाईक बघायची. अनसाबाईचा पोरगा माऊली या दोघींच्या मधेच वाढला. आईनं मारलं की तो मावशीच्या पाठीमागं लपायचा, आणि मावशी ओरडली की आईच्या. मोठा झाला, दहावीला नापास झाला, आणि पुढं मोटारसायकलचं वेड घेऊन रस्त्यावर फिरायला लागला. तिथंच तो बाज्याच्या हाताला लागला.

बाज्याचं नाव बाजीराव, पण त्या नावानं त्याला कोणी ओळखत नव्हतं. त्या काळात यवतपासून पाटसापर्यंतचा रस्ता त्याचाच होता म्हणायला हरकत नाही. मालाच्या गाड्या अडवायच्या, ड्रायव्हरला मारून बांधून उसात टाकायचं, माल उतरवून रिकामी गाडी आडरस्त्याला सोडून द्यायची, हा त्याचा धंदा. हॉटेलवाल्यांनी जेवणाचे पैसे मागायचे नाहीत, आणि बघितलेलं बोलायचं नाही. एकदा एका टायरवाल्यानं फिर्याद दिली होती. पोलिसांनी बाज्याला धरला, कोर्टात नेला, आणि पुढच्या बाजाराला बाज्या जामिनावर सुटून टायरवाल्याच्या दारात उभा. त्या टायरवाल्याचा हात पुन्हा कधी सरळ झाला नाही. तेव्हापासून कोणाला काही दिसेनासं झालं.

माऊली बाज्याच्या पोरांत बसतो हे कळल्यावर नकुशीबाई त्याला एकदा बोललीही. "आरं, ही माणसं चांगली न्हाईत."

"मी काय करतोय मावशी? नुसती गाडी चालवतो," माऊली म्हणाला होता. अनसाबाईनंही तेच धरून ठेवलं होतं. पोरगा नुसती गाडी चालवतो.

२००१ सालच्या उन्हाळ्यात ते घडलं. मुरुगन नावाचा एक ड्रायव्हर तिच्याकडं नेहमी थांबायचा. खाली सेलमकडून सुताच्या गाठी घेऊन भिवंडीला जायचा. हिंदी मोडकीतोडकी, मराठी तर नाहीच. भाकरी त्याला गिळवायची नाही, म्हणून त्याच्यासाठी ती भात टाकायची आणि त्यावर पिठलं ओतून द्यायची. तो हातानं कालवून, डोळे मिटून खायचा, आणि जाताना दरवेळी म्हणायचा, "मौसी, फर्स्ट क्लास."

त्या दिवशी सकाळी तो जेवत होता. बाज्या, त्याचा एक जोडीदार आणि माऊली एकाच मोटारसायकलवरून आले. बाज्या मुरुगनशेजारी बसला, कुठून आला, काय माल आहे, गोडीगोडीनं विचारत राहिला. मग उठून म्हणाला, "हमको यवततक छोड दो." मुरुगननं नकुशीबाईकडं बघितलं. नुसतं बघितलं. ती परातीत पीठ मळत होती. तिनं मान खाली घातली. बाज्या आणि जोडीदार केबिनमधे चढले, गाडी निघाली, आणि माऊली मोटारसायकल घेऊन मागनं गेला.

दुसऱ्या दिवशी खुटबावच्या शिवारात कालव्याच्या पाणी सोडायच्या दाराला मुरुगनचं प्रेत अडकलेलं सापडलं. गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला रिकामी उभी होती.

पोलीस आले, हॉटेलोहॉटेली विचारत फिरले. शेजारचा साहेबराव हॉटेलवाला म्हणाला, "गर्दी व्हती साहेब. कुनाकुनाकडं ध्यान देनार?" नकुशीबाई म्हणाली, "मी आत भाकरी थापत व्हते." अनसाबाई त्या दिवशी तापानं घरी होती, तिला सांगण्यासारखं काहीच नव्हतं. पोलीस निघून गेले. नकुशीबाईनं बाकडी धुतली, चहा टाकला, आणि जणू काही झालंच नाही असे पाच-सहा दिवस ढकलले.

मग मुरुगनचा बाप आला.

सोबत दुसरा एक ड्रायव्हर होता, तो त्याला रस्त्याच्या पलीकडं सोडून गाडी लावायला गेला. म्हातारा पांढऱ्या लुंगीत, अनवाणी, रस्ता ओलांडून आला आणि बाकड्यासमोर उभा राहिला. त्याची भाषा हिला कळेना, हिची त्याला. त्यानं खिशातनं पोराचा फोटो काढला, तिच्यापुढं धरला, मग बाकड्यावर हात ठेवला आणि तिच्याकडं बघितलं. इथं बसायचा का, एवढंच त्याला विचारायचं होतं. तिनं मान हलवली. म्हातारा बाकड्याच्या त्या टोकाला बसला. लाकडावरनं तळवा फिरवत राहिला.

तिनं भात टाकला. त्यावर पिठलं ओतून ताट पुढं केलं. म्हाताऱ्यानं कालवून चार घास खाल्ले, आणि पाचव्या घासाला त्याचा हात तसाच ताटात राहिला. तो रडला नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवून त्याच्या भाषेत काहीतरी बोलला, आणि सोबतच्या ड्रायव्हरबरोबर गेला. पोराला शेवटचं जेवू घालणारी बाई म्हणून त्यानं आशीर्वाद दिला असावा. तिला मात्र तो हात डोक्यावर तापल्या तव्यासारखा लागला.

दुसऱ्या दिवशी तिनं हॉटेल उघडलं नाही. कोणाला न सांगता दौंडची एसटी धरली आणि मोठ्या साहेबांच्या ऑफिसात जाऊन बाहेरच्या बाकावर बसली. हवालदारानं दोनदा काम विचारलं. तिनं दोन्ही वेळा एकच सांगितलं, "साहेबास्नीच सांगंन."

साहेबांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "बाई, कोर्टात सांगाल का हे?"

"सांगंन. पर त्यो आठ दिसात सुटून येईल. मग मी कुटं जाऊ?"

"आता येणार नाही." साहेब पुढं सरकून बसले. "आजवर आम्ही एकेक गुन्हा धरत होतो. एक चोरी, एक मारामारी. प्रत्येकाला वेगळा जामीन, वेगळी तारीख. आता नवा कायदा आलाय, मोक्का. त्यात एकटा माणूस धरायचा नाही, सगळी टोळी धरायची. याआधीच्या सगळ्या केसेस एका दोरीत ओवायच्या. जामीन सहजासहजी नाही. पण दोरी ओवायची तर कुणीतरी डोळ्यांनी बघितलेलं लागतं. आमच्याकडं तसं कुणी नाही."

तिनं बाज्याचं नाव सांगितलं. जोडीदाराचं सांगितलं. लिहून घेणारा थांबून तिच्याकडं बघत राहिला.

"आणखी कोण होतं?" साहेबांनी विचारलं.

"पोरगा व्हता एक. त्यो गाडीत चढला न्हाई. मोटारसायकलवर मागनं गेला."

"नाव?"

"त्याला काय सुदीक कळत नव्हतं साहेब. त्येचं नाव न्हाई घातलं तर न्हाई का चालनार?"

"चालेल," साहेब म्हणाले. "पण तुम्ही दोघं बघितले आणि तिसरा लपवला, हे त्यांच्या वकिलाला कळलं की तो तिघांनाही सोडवील. सांगायचं तर सगळं सांगा, नाहीतर आत्ताच घरी जा. मी अडवणार नाही."

बराच वेळ ती पदराचं टोक पिळत बसली. मग तिनं माऊलीचं नाव सांगितलं, त्याच्या बापाचं सांगितलं, आणि त्याचं घर कोणतं तेही सांगितलं. ते तिच्याच घराला लागून होतं.

तिघांनाही धरलं. आणखी सातआठजण धरले. साक्षीदाराचं नाव बाहेर फुटणार नाही असं साहेब म्हणाले होते, पण हॉटेल बंद ठेवून दौंडला गेलेली बाई वस्तीवर एकच होती. अनसाबाई भर दुपारी हॉटेलात आली. बाकड्यावर गिऱ्हाईक होतं, त्याची तिनं पर्वा केली नाही.

"माज्या पोराचं नाव तू घेतलंस?"

"व्हय."

"तुज्या मांडीवर मुतलेलं पोर गं ते."

"अनसा, त्या ड्रायव्हरला मारलाय. मी बघितलं त्ये सांगितलं."

"सायबरावानं बघितलं न्हाई? समद्या रस्त्यानं बघितलं न्हाई? तुलाच कसं दिसलं?" अनसाबाईचा आवाज फाटला. "पोटचं असतं तर दिसलं नसतं. पोट फळलं न्हाई तुजं, तुला काय कळनार!"

ती गेली ती परातीला पुन्हा हात लावायला आली नाही. दोन घरांच्या मधे तुरीच्या काटक्यांचं कूड उभं राहिलं.

बाज्याच्या माणसांनी एकदा दारावर दगड मारले, तेव्हा साहेबांनी नकुशीबाईला पहारा दिला. न्हावऱ्याकडचे सोपानराव नावाचे हवालदार, निवृत्तीला आलेले, बंदूक मांडीवर घेऊन हॉटेलच्या कोपऱ्यात बसू लागले. ती वाचली, पण हॉटेल मेलं. ज्याच्या दारात पोलीस बसलाय तिथं ट्रकवाला कशाला थांबेल? ओळखीच्या गाड्या लांबून हॉर्न वाजवायच्या आणि साहेबरावाच्या हॉटेलापुढं जाऊन उभ्या राहायच्या. दूधवाल्यांनी वाट बदलली. चुलीवरचं आधण नुसतंच उकळायचं. सकाळपासून दोनच कप चहा व्हायचा, एक सोपानरावांचा आणि एक तिचा.

गावानं तिला वाळीत टाकलं असं नाही म्हणता येणार. कोणी वाकडं बोललं नाही. गिरणीत ती गेली की बायांचं बोलणं थांबायचं, आणि तिचं दळण आधी घालून द्यायचे, ती लवकर जावी म्हणून. लग्नाचं आवतण यायचं, पण देणारा उंबऱ्याबाहेरूनच सांगायचा, "या सवडीनं." बिरोबाच्या जत्रेला ती गेली, तर तिच्याभोवती आपोआप मोकळी जागा झाली. भंडारा उधळला जात होता, ढोल वाजत होते, आणि ती त्या रिकाम्या गोलात सोपानरावांच्या शेजारी उभी होती. कपाळाला भंडारा सोपानरावांनीच लावला. त्यानंतर ती जत्रेला गेली नाही.

"आप्पा, तुमी तरी काय बोला की," एकदा ती सोपानरावांना म्हणाली. ते मुलखाचे अबोल.

"काय बोलू बाई? माझी ड्युटी गप बसायची हाय."

पण हळूहळू ते बोलायला लागले. त्यांच्या कांद्याविषयी, गुडघ्याविषयी, सुनेच्या आवाजाविषयी. नकुशीबाई त्यांचं तेच तेच आवडीनं ऐकायची. दर महिन्याला ते चार दिवस रजेवर जात आणि दुसरा कोणी तरुण शिपाई येई. तो दिवसभर पेपर वाचायचा. त्या चार दिवसांत ती चुलीशीच बोलायची.

खटला पुण्यात, वेगळ्या कोर्टात. तो उभा राहायलाच दोन वर्षं गेली. साक्षीच्या दिवशी कोर्टाची दारं लावून घेतली, बाहेरचं कोणी आत ठेवलं नाही. बाज्या टक लावून तिच्याकडं बघत होता. त्याच्या मागं माऊली. रापलेला पोरगा पांढरा फटक पडला होता, आणि मान वर करत नव्हता. तिला वाटलं, एकदा बघावं त्यानं. शिवी द्यावी, पण बघावं.

त्यांच्या वकिलानं आधी नवऱ्याचं काढलं. "तुमचा नवरा तुम्हाला सोडून का गेला?"

"ते त्यालाच इचारा. मलाबी कळलं तर बरं हुईल."

"पोलिसांनी तुम्हाला फुकट पहारा दिलाय, खरं की नाही? म्हणून तुम्ही पोलिसांच्या बाजूनं बोलता."

नकुशीबाई म्हणाली, "पहारा काय आसतो ते तुमी चार दिस घिऊन बगा. मानूस तोंडाकडं बगत न्हाई."

जज्जांनी लिहिणाऱ्याला थांबवलं नाही. पुढं तिनं जे बघितलं ते सांगितलं. कोण कुठं बसलं, कोण केबिनमधे चढलं, कोण मागनं गेलं. आणि कोणी विचारलं नसताना म्हणाली, "त्या ड्रायव्हरनं माज्याकडं बघितलं व्हतं. मी मान खाली घातली. हेबी लिवा."

परतीची सोलापूर गाडी त्यांनी स्वारगेटला धरली. ती खिडकीशी, शेजारी सोपानराव. हडपसरच्या थांब्यावर गाडीत अनसाबाई चढली. कोर्टाच्या आवारात पोराला भेटून निघालेली, हातात रिकामा डबा. आत दुसरी जागा नव्हती, कंडक्टरनं तिला ओढून त्यांच्याच बाकावर बसवलं. सोपानराव मधे, दोघी दोन बाजूंना. असं पुढंही दोन-तीनदा झालं, तारखा त्याच असायच्या ना. पण त्या दिवशी उरुळीच्या पुढं अनसाबाईला गाडी लागली. सोपानरावांनी उठून तिला खिडकीकडं सरकवलं, आणि ती नकुशीबाईच्या मांडीवरनं बाहेर वाकून ओकली. नकुशीबाईनं तिची पाठ चोळली. पाण्याची बाटली दिली. अनसाबाईनं चूळ भरली, दोन घोट प्याली, बाटली परत केली आणि डोळे मिटून घेतले. वरवंड येईपर्यंत तिचं डोकं गाडीच्या हिसक्यानं दोनदा नकुशीबाईच्या खांद्यावर आलं, आणि दोन्ही वेळा तिनं ते काढून घेतलं. उतरल्यावर ती पुढं चालत गेली. नकुशीबाई तिला अंतर पडावं म्हणून मुद्दाम रेंगाळली.

निकाल लागला. बाज्याला आणि जोडीदाराला जन्मठेप. माऊलीवर खुनाचं काही शाबीत झालं नाही, पण टोळीतला म्हणून त्यालाही काही वर्षं लागली. त्यातली बरीचशी तो आत काढूनच बसला होता. रस्त्यावरच्या लुटी थांबल्या. साहेबरावानं हॉटेल वाढवलं, वर लाल-हिरव्या ट्यूबलाइटी लावल्या, आणि ड्रायव्हरांना सांगायला लागला, "आमच्या इथं एकदम सेफ."

सोपानरावांचा पहारा उठला त्या दिवशी त्यांनी बंदूक खांद्याला लावली आणि थोडे घुटमळले. "न्हावऱ्याला या कवा. सून बोलती लई, पर मनाची चांगली हाय."

"येते की," ती म्हणाली. दोघांनाही माहीत होतं, ती येणार नव्हती. पुढं वर्षभरानं सोपानराव गेल्याचं तिला कळलं, तेही कांद्याच्या टेम्पोवाल्याकडनं, मातीला माणसं जाऊन आल्यावर.

माऊली सुटून आला तो उन्हाळ्यातच. चार दिवस तो घराबाहेर पडला नाही. कुडापलीकडनं त्याच्या खोकल्याचा आवाज यायचा. पाचव्या दिवशी तो हॉटेलात आला आणि बाकड्यावर बसला. केस पांढरे व्हायला लागले होते. तिनं न विचारता चहा दिला.

"मावशी," तो म्हणाला, "मला ठाऊक नव्हतं मारत्याल म्हनून. कालव्यावर गेल्यावर कळलं. तवा मी पळालो आस्तो तरी चाललं आस्तं. पळालो न्हाई."

तिनं स्टोव्ह बंद केला.

"तुमी खोटं बोलला न्हाईत. त्ये मी आईला सांगितलं. आई म्हनती, खरं बोलायला दुसरं कुनी नव्हतं का?"

नकुशीबाईनं रस्त्याकडं बघितलं. समोरून गाड्यांमागून गाड्या चालल्या होत्या. "नव्हतं रं," ती म्हणाली. "दुसरं कुनीच नव्हतं. आस्तं तर मी गप बसले आस्ते. तुज्या आईला सांग, मी वाट बघितली. म्हटलं, कुनीतरी जाईल. कुनीच गेलं न्हाई."

माऊलीनं कप खाली ठेवला. तो वाकून पाया पडेल असं तिला क्षणभर वाटलं. पण तो नुसता उठला, आणि "येतो" म्हणून गेला.

शिरूरच्या बाजूला कुठल्याशा गोदामात त्याला हमालीचं काम मिळालं. पावसाळ्याआधी तो आईला घेऊन तिकडं राहायला गेला. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा नकुशीबाई दारात उभी होती. अनसाबाई टेम्पोत पुढं बसली, आणि गाडी सुरू झाल्यावर तिनं मान वळवून बघितलं. तिच्याकडं का मागं सुटलेल्या घराकडं, ते नकुशीबाईला शेवटपर्यंत नक्की ठरवता आलं नाही. ती मात्र हात वर करून उभी राहिली, टेम्पो हायवेला लागेपर्यंत.

हॉटेल पुन्हा थोडंफार चालायला लागलं. नवे ड्रायव्हर येतात, त्यांना जुनं काही माहीत नसतं. भाकरी आता ती एकटीच थापते, म्हणून कमीच करते. परवा दिवस मावळताना एक परप्रांतीय पोरगेला ड्रायव्हर गाडी बाजूला लावून आला. जेवला. मग चाचरत विचारायला लागला, "मौसी, रात को इधर गाडी लगाके सोयेगा तो चलेगा? कुछ डर तो नहीं?"

"सो जाव," नकुशीबाई ताट उचलत म्हणाली. "अब इधर कोई नहीं आता."

आणि ती पिंपापाशी भांडी घासायला बसली.